बेअरिंग मी घरीच बदलणार

२ फेब्रुवारी

आज चढावर गाडी टकटक करायला लागली. आधी वाटलं, मागे काहीतरी आपटतंय. पण मागे सगळी हिची रोपं, काळ्या पिशव्यांतली. पिशव्या टकटक करत नाहीत. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, पाय काढला की कमी व्हायचा. गाडी उभी केली तर तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. उतरून कान लावला. आवाज पार खालून, इंजिनाच्या पोटातून येत होता.

बेअरिंग गेलं. मला शंका नाही. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, गाडीचं दुखणं मला आवाजावरून कळतं.

घरी आल्यावर हिला समजावून सांगितलं. इंजिनात एक जाड, वाकडातिकडा दांडा फिरतो, तो क्रँक. पिस्टनचे दांडे त्याला पकडून असतात आणि त्या पकडीत अर्ध्या बांगडीसारख्या गुळगुळीत पट्ट्या असतात. तेच बेअरिंग. पट्ट्या झिजल्या की सगळं खुळखुळतं.

हिने रोपांना पाणी घालता घालता ऐकलं आणि म्हणाली, "मग मशीन शॉपला न्या."

गावात क्रँकचं काम करणारं मशीन शॉप एकच आहे. ते कोणाचं, हे हिला माहीत आहे आणि मलाही. मी म्हटलं, "आपला हात जगन्नाथ. बेअरिंग मी घरीच बदलणार."

 हिच्या हातातली पाण्याची नळी माझ्या चपलांवर गेली. चुकून असेल.

३ फेब्रुवारी

नवीन दवाखान्याच्या आवाराची सगळी झाडं हिच्याकडून जाणार आहेत. रोपवाटिका सुरू केल्यापासूनची सगळ्यात मोठी ऑर्डर. महिनाअखेर पोचवायची. भाड्याचा टेम्पो करू म्हटलं तर ही अंगावर आली. मागच्या खेपेला टेम्पोवाल्याने निम्म्या रोपांच्या माना मोडल्या होत्या. आपल्या गाडीत मी फळ्या ठोकून कप्पे केलेत, त्यात रोप हलत नाही.

"आणि फार दिवस थांबताही येत नाही," ही म्हणाली. "मुळं पिशवीबाहेर यायला लागलीत. मग झाड रुसतं."

"मग काय करतं?"

"काही नाही. उभं राहतं नुसतं. वाढत नाही."

वर म्हणाली, "आणि मे महिन्यात गाडी हाताशी हवीच."

"मे महिन्यात काय आहे?"

"असंच," म्हणाली.

५ फेब्रुवारी

आज गुरुवार, म्हणजे ही बहिणीकडे. गाडी नाही म्हणून बसने गेली. पिशवीत लोकरीचे गुंडे होते, पिवळे आणि पांढरे. बहिणीच्या शेजारणीसाठी काहीतरी विणतेय म्हणे. शेजारीण भलतीच बारीक असावी, कारण बाही पाहिली तर माझा अंगठा जेमतेम आत जाईल.

मी दुपारी शेडमध्ये गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे लावले. तेल काढलं. तेलात बारीक चमचम होती, धातूची. हे चांगलं लक्षण नाही.

एकटा होतो म्हणून लिहून ठेवतो. मशीन शॉपला का जात नाही, ते. लोकांना वाटतं, लेकीने स्वतःचं स्वतः लग्न ठरवलं म्हणून. तसं नाही. मी जुन्या वळणाचा नाही. पण एक तर तिने मला विचारलं नाही, कळवलं. तारीखसुद्धा ठरवून. आणि दुसरं म्हणजे, त्याच्या दोन वर्षं आधी याच माणसाने, म्हणजे मशीन शॉपवाल्या जावयाने, माझी क्लच प्लेट हातात धरून गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं, "सर, गाडीत दोष नाही. तुमचा पाय क्लचवर जड पडतो."

माझा पाय! अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवणारा पाय! आणि लेक शेजारी उभी राहून हसली होती. त्यांची ओळख तिथलीच, हे नंतर कळलं.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. मला त्या दिवशी ताप होता. थोडासा.

७ फेब्रुवारी

टॉर्क पाना लागणार. आतले बोल्ट किती आवळले ते मोजून देणारा पाना. ठरलेला जोर झाला की तो 'कट' असा आवाज करतो. त्याशिवाय हे काम करू नये, हे मला कळतं. माझ्याकडे नाही. विकत घ्यायचा तर शहरात जायला हवं. काल संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारच्या मास्तरांना तसं म्हटलं. मास्तर चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत.

आज सकाळी मास्तर पाना घेऊन दारात हजर! चांगला, पेटीतला, तेल लावून पुसलेला.

"मास्तर, तुमच्याकडे हा कसा?"

"होता पडलेला," म्हणाले आणि चहाही न घेता गेले.

मास्तरांनी आयुष्यात सरळ खिळा ठोकलेला मी पाहिलेला नाही. भिंतीवरची स्वतःची चित्रंसुद्धा ते दुसऱ्याकडून लावून घेतात. पण माणसाच्या माळ्यावर काय काय निघेल, सांगता येत नाही.

८ फेब्रुवारी

खालचं तेलाचं भांडं उतरवलं. पहिली पकड सोडली. पट्टी पूर्ण झिजून आतलं तांबं दिसायला लागलं होतं. दुसरी बरी. तिसरी पहिलीपेक्षा वाईट.

मग क्रँक पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

अडकलं म्हणजे चरे पडलेत. नख अडकायला नको होतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की, नख अडकलं तर क्रँक काढून मशीनवर घासून घ्यावा. मी परत नख फिरवलं. वाटलं, अडकलं नाही. तिसऱ्यांदा फिरवलं नाही.

बारीक पॉलिश पेपरची पट्टी करून क्रँकभोवती दोरीसारखी ओढत राहिलो. पाठीवर झोपून, तोंडावर तेल गळत. चांगलाच चकचकीत झाला.

ही लोंबत्या दिव्याची वायर धरून बसली होती. म्हणाली, "झालं का नीट?"

"आरशासारखं."

"आरशासारखं म्हणजे नीट का?"

 हिला बारीकसारीक विचारायची सवय आहे.

१२ फेब्रुवारी

नवीन पट्ट्या बसवल्या. पाना 'कट' म्हणाला की माझं काळीज सुपाएवढं व्हायचं. तेल भरलं, चावी फिरवली. दिवा विझला. टकटक नाही! गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. मी शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या. ही बहिणीकडून आली तेव्हा इंजिन पुन्हा चालू करून ऐकवलं.

"खरंच गेला की हो आवाज," म्हणाली आणि माझ्या कपाळावरचं तेल पदराने पुसलं. मग मास्तरांना सांगायला गेली. मग कोणाला तरी फोनवर सांगताना ऐकलं, "केलं त्यांनी. हो, स्वतः. नाही गं, ठीक वाटतंय."

बहिणीला माझ्या इंजिनाचं एवढं कौतुक असेल, असं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

काय लिहू? पहिली खेप घेऊन निघालो. ही शेजारी, मागे कप्पे भरलेले. त्याच चढावर टकटक सुरू झाली. आणि आता टकटक नव्हती, कोणीतरी आतून हातोडा मारत होतं. बंद केली. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

मी म्हटलं, "तेल हलकं पडलं असेल." ही गप्प. मी म्हटलं, "पट्ट्याच खराब दिल्या असतील दुकानदाराने." तरी गप्प. मी म्हटलं, "चढ जरा जास्तच आहे हा."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ही म्हणाली.

मी चिडलो. काय बोललो ते लिहीत नाही. एवढंच की, मशीन शॉपला जाण्यापेक्षा गाडी भंगारात घालीन, असं म्हणालो.

तेव्हा ही माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "इंजिनातली टकटक तुम्हाला मैलभरावरून ऐकू येते. मी इतके महिने स्वयंपाकघरात रडते, ते एकदाही ऐकू आलं नाही."

मग उतरून मागे गेली आणि रोपांना ऊन लागू नये म्हणून चादर पसरत बसली.

गाडी ओढून घरी आणली. 

१९ फेब्रुवारी

आज गुरुवार. ही निघाली तेव्हा मी विचारलं, "बहिणीकडे?"

"हो," म्हणाली. दारात थांबली. मी पुढे काहीतरी विचारीन, असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "छत्री राहिली." छत्रीची गरज नव्हती. ऊन रणरणत होतं.

ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिथे एक लहान स्टूल आहे, खिडकीशी. त्यावर बसलं की शेड दिसते. शेडमधून मात्र ही खिडकी दिसत नाही. हे मला माहीत नव्हतं.

२१ फेब्रुवारी

इंजिन बाहेर काढलं. तुळईला साखळीची कप्पी बांधली, मास्तर ओढायला होते. ओढताना ते डोळे मिटून घेतात. क्रँक सुटा केला आणि जुन्या घोंगडीत गुंडाळला. तान्ह्या पोरासारखा दिसत होता, पण वजन चांगलंच.

मी म्हटलं, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

ही भांडी घासत होती. म्हणाली, "जा तर खरं. गाढव कोण, ते तिथे गेल्यावर ठरवा."

किती दिवसांनी नीट बोलली! मला इतकं बरं वाटलं की मी चहासुद्धा स्वतः केला.

२३ फेब्रुवारी

गेलो. रिक्षातून, मांडीवर क्रँक घेऊन.

शॉपमध्ये तो मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर वाकला होता. मला पाहिलं, पण मशीन सोडलं नाही. हाताने फक्त 'थांबा' केलं. सासरा आठ-नऊ महिन्यांनी दारात येतो आणि जावई 'थांबा' करतो! परत फिरणार होतो. मग पाहिलं, दगड फिरत होता आणि कोणाचा तरी क्रँक केसाएवढा घासला जात होता. मध्येच सोडला असता तर वाया गेला असता. मीही सोडला नसता. बाकावर बसलो.

मशीन थांबल्यावर हात पुसत आला. "या सर."

सर. 'बाबा' म्हणाला असता तर मला आवडलं नसतं. म्हणाला नाही, तेही आवडलं नाही.

घोंगडी उलगडली. त्याने मापाचं यंत्र लावलं, आडवं मोजलं, उभं मोजलं. "पॉलिश कोणी केलं?"

"मी."

"हाताने?"

"पायाने कसं करतात?"

तो हसला. मग म्हणाला, "सर, चरे गेलेत बऱ्यापैकी. पण हा गोल राहिलेला नाही, लंबगोल झालाय. हाताने कितीही घासलं तरी लंबगोलाचा चकचकीत लंबगोलच होणार. त्यात नवीन पट्टी टिकत नाही. मी एक साइझ खाली उतरवतो, मग त्या मापाच्या जाड पट्ट्या घाला."

"आणि बसवणार कोण?"

"बसवा की तुम्ही. त्यात काय!" म्हणाला. "शॉपवाले इंजिन बसवायला घाई करतात. घरी निवांत होतं." आणि मग भलतंच बोलला. "क्लचही बदलून घ्या आता, इंजिन बाहेर आहे तर. तुमचा पाय..."

तिथे थांबला. त्याचे कान लाल झाले. हा पोरगा बोलायला लागला की त्याचा ब्रेक लागत नाही. माझ्या हाताखाली शिकला असता तर लागला असता.

मी म्हटलं, "घालतो नवीन."

लेक कशी आहे, ते विचारायचं होतं. विचारलं, "किती दिवस लागतील?"

"परवा देतो. सर, ती बरी आहे," तो म्हणाला.

२५ फेब्रुवारी

क्रँक आणला. त्याच्यावर आता नख घसरतं, पाण्यावर फिरवल्यासारखं. खोटं कशाला लिहू, सुंदर काम केलंय.

दुपारी क्रँक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवायला घेतला. प्रत्येक पकड आवळली की हाताने फिरवून बघायचा, ही माझी पद्धत. पहिली आवळली, फिरला. दुसरी आवळली, फिरला. मधली आवळली आणि घट्ट! तसूभर हलेना. सैल केली, फिरला. आवळली, बंद.

माझ्या हातून काही चुकलं का, म्हणून सगळं तीनदा काढून पाहिलं. मग पट्टीच्या पाठीवरचा आकडा वाचला. मधली जोडी दोन साइझ खालची होती, म्हणजे जास्तच जाड. बाकी सगळ्या एक साइझच्या. पाकीट त्याच्या शॉपमधलं.

पहिल्यांदा काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. आनंद झाला. पट्टी खिशात टाकली आणि थेट निघालो. वाटेत रिक्षात भाषण तयार केलं. 'गाडीत दोष नाही, तुमचा हात पाकिटावर जड पडतो.' असं काहीतरी, गिऱ्हाइकांसमोर.

शॉपमध्ये गिऱ्हाईकं होतीही. त्याने पट्टी उलटी करून आकडा वाचला आणि म्हणाला, "चूक माझी आहे सर. पाकीट मीच भरलं. बरं झालं तुम्ही फिरवून पाहिलंत. चालू केलं असतं तर नुकताच घासलेला क्रँक गेला असता."

सगळ्यांसमोर. 'पुरवठादाराने' नाही, 'गडबडीत' नाही, चढ नाही, अंगण नाही. सरळ 'माझी'.

माझं भाषण तसंच राहिलं. मी म्हटलं, "होतं असं." आणि मग तोंडातून निघून गेलं, "शनिवारी मोकळे आहात का? इंजिन परत बसवताना जाणतं माणूस लागतं. मास्तर डोळे मिटतात."

तो म्हणाला, "आम्ही येतो."

आम्ही.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने हातातलं रोप खाली ठेवलं आणि आत गेली. स्टुलावर जाऊन बसली असणार. या वेळी मी मागोमाग गेलो.  शेजारी उभा राहिलो. हिने माझा हात धरला, तेलकट होता तसाच.

मग म्हणाली, "शनिवारी लेकीला बघून दचकू नका."

"का? बारीक झालीय?"

ही रडता रडता हसायला लागली. बायकांचं काही कळत नाही.

२८ फेब्रुवारी

बारीक झालेली नाही!

फाटकातून आधी पोट आलं, मग लेक. मी शेडच्या दारात पाना घेऊन उभा. सगळ्या जगाला माहीत होतं. हिला, मास्तरांना, हिच्या बहिणीला, बहुतेक दवाखान्याच्या माळ्यालाही. फक्त मला नाही.

लेक समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "या वेळी विचारायचं की कळवायचं, ते कळेना बाबा. म्हणून दाखवायलाच आले."

 म्हटलं, "उन्हात उभी राहू नकोस." खुर्ची आणायला आत गेलो आणि जरा वेळाने आलो. खुर्ची दारातच होती, तरी वेळ लागला.

"मे महिना," लेक म्हणाली.

मग काम. तो माणूस गाडीखाली गेला की बोलतच राहतो. कुठलं तेल घालायचं, यावरून आमचं वाजलं. त्याचं म्हणणं पातळ, माझं म्हणणं जाड. शेवटी त्याने पुस्तक उघडलं आणि दोघांचंही चुकलेलं निघालं. लेक खुर्चीवरून दोघांनाही हसली. मागेही अशीच हसली होती. तेव्हा मला वाटलं होतं, मलाच हसतेय.

एक गंमत. बोल्ट आवळायला मी मास्तरांचा टॉर्क पाना दिला, तर तो हातात घेताच म्हणाला, "हा जरा आधीच 'कट' म्हणतो. एक घर वर ठेवायचा." आणि न बघता आकडा फिरवला. मास्तरांच्या पान्याची खोड याला हात लावताक्षणी कळली! अनुभव म्हणायचा. मास्तर तिथेच होते. त्यांना अचानक घरचं काम आठवलं आणि ते गेले. मला वाटतं, आपला पाना असा निघाल्याचं त्यांना वाईट वाटलं. उद्या त्यांची समजूत काढायला हवी.

उन्हं कलायच्या आत चावी फिरवली. लाल दिवा लागला, क्षणभर राहिला आणि विझला. सगळे कान देऊन उभे. आवाज नाही. म्हणजे इंजिनाचा होता, पण नुसता इंजिनाचा.

"पहिले काही दिवस सावकाश चालवा सर," तो म्हणाला. "नवीन बेअरिंग एकमेकांना ओळखेपर्यंत जोर द्यायचा नाही."

"तीस वर्षं शिकवलंय मी," मी म्हटलं. "आणि जावईबापू, 'सर' पुरे झालं आता."

"मग काय म्हणू?"

"बघा. सुचेल तसं."

जेवायला थांबले दोघं.

४ मार्च

झाडं पोचली. दोन-चार दिवस उशीर झाला, पण दवाखान्याच्या माळ्याने काही म्हटलं नाही, कारण खड्डेच कालपर्यंत तयार नव्हते. एकाही रोपाची मान मोडली नाही. हिने पिशवी फाडून पहिलं रोप खड्ड्यात ठेवलं, गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी केली. म्हणाली, "आता धरेल."

त्याच दवाखान्यात लेकीची तपासणी होती. ते दोघं तिथेच भेटले. जावईबापूंना शॉपवर परत जायचं होतं, म्हणून लेकीला घरी सोडायचं काम माझ्याकडे आलं. ही मागे रिकाम्या कप्प्यांशेजारी, लेक पुढे माझ्या शेजारी. लहानपणी बसायची तशी.

परतीच्या रस्त्यावर सायकलवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला. मग दुधाच्या किटल्या घेतलेला एक म्हातारा, तोही सायकलवरच.

"बाबा, जरा जोरात चालवा की," लेक म्हणाली. "चालत लवकर पोचले असते."

"इंजिन नवं आहे. जोर द्यायचा नाही, तुझ्याच नवऱ्याने सांगितलंय."

"इंजिनासाठीच ना?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो. समोर एक खड्डा होता. गाडी जवळजवळ थांबवली, क्लच अगदी अलगद सोडला आणि बाजूने काढली. लेकीने पोटावर ठेवलेला हात हललासुद्धा नाही. मागे रांग लागली होती, हॉर्नवर हॉर्न वाजत होते.

वाजवा म्हटलं.